पूर ओसरल्यानंतरचे आठ दिवस

दरवर्षीं ऑगस्ट महिन्यांत आम्ही आठवीच्या वर्गास ‘पावसाळ्यांतील एक दिवस’ या विषयावर निबंध लिहावयास सांगतों, आणि दरवर्षीं साठ वह्यांतून एकच नदी वाहत असते. ती रौद्र रूप धारण करते, दोन्ही तीर गिळून टाकते, वृक्ष उन्मळून पाडते, आणि शेवटच्या परिच्छेदांत निसर्गापुढें मानव किती क्षुद्र आहे हें सांगून शांत होते. हे निबंध वाचावयाचे व त्यांतील शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईनें दाखवावयाच्या, हा आमचा व्यवसायच होय. त्याविषयीं तक्रार नाहीं. परंतु २०१९ सालीं त्या ढिगांत एक वही अशी निघाली कीं तिच्यांत नदीचें नांवही नव्हतें. साऱ्या निबंधाच्या ओळी अकरा. आईनें पिठाचा डबा माळ्यावर ठेवला. मग गादी ठेवली. मग धाकट्या भावास ठेवलें. मग माळ्यावर जागा उरली नाहीं. शेजारच्या काकांनीं भिंतीवरून दोर टाकला. सकाळीं घरांत चिखल होता आणि शेगडीखालीं एक मासा मरून पडला होता. निबंध संपला. परिच्छेद पाडले नाहींत म्हणून आम्हीं त्या मुलीचे दोन गुण कापले. आज तें आठवलें म्हणजे संकोच वाटतो.

त्या वहीची हकीकत पुढें येईल.

या वार्षिकांत पुराविषयीं कांहीं लिहावें, असें मासिक-समितीनें सुचविलें, तेव्हां प्रथम आम्हांस त्या अकरा ओळींची आठवण झाली. पुराचें वर्णन ती मुलगी आमच्यापेक्षां चांगलें करून गेली आहे. सबब तें बाजूस ठेवून आम्ही येथें एक मत मांडणार आहों, आणि तें कित्येक पालकांस रुचणार नाहीं याची आम्हांस कल्पना आहे. आमचें मत असें कीं, आपल्या शहाडचे लोक पुराच्या दिवशीं जितके थोर असतात, तितकेच ते पूर ओसरल्यानंतरच्या आठ दिवसांत उणे पडतात. आणि आपली शाळा व आम्ही स्वतः यांस अपवाद नाहीं.

प्रथम नदीविषयीं. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर या गांवांवरून आपल्याकडे येते, आणि सुमारें सव्वाशें किलोमीटरांचा प्रवास करून वसईच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. वाटेंत तिला पेज मिळते, बारवी मिळते. काळू व भातसा यांचें पाणीही कल्याणच्या आसपास तिच्याच पदरांत पडतें. अंबरनाथकडील डोंगरांतून निघून उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी, जिला आज पुष्कळ लोक नालाच समजतात, तीही कल्याणास तिलाच येऊन मिळते. आतां विद्यार्थ्यांनीं नकाशा उघडून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. माथेरान-कर्जतकडे रात्रभर पाऊस कोसळला, तर त्याचें पाणी कांहीं तासांनीं आपल्या दारीं येतें. त्या वेळीं शहाडास ऊन पडलेलें असलें तरी तें येतें. त्यांतच खालीं कल्याणच्या खाडींत समुद्राची भरती असली, तर आलेलें पाणी पुढें सरकत नाहीं; तें आडवें पसरतें. वरचा घाट आणि खालची खाडी यांच्या मध्यें आपण सांपडलेले आहों. ‘आज तर एवढा पाऊस नव्हता, मग पाणी आलें कोठून?’ हा प्रश्न आम्हीं चांगल्या शिकलेल्या पालकांच्या तोंडून ऐकला आहे. त्याचें उत्तर देण्यास मोठा पंडित लागत नाहीं, भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा पुरतो.

बदलापूर येथें नदीची पातळी मोजली जाते. १६.५० मीटर ही इशाऱ्याची, व १७.५० मीटर ही धोक्याची पातळी. क्रिकेटच्या धावा ज्यांना मुखोद्गत असतात त्या मुलांनीं हे दोन आंकडेही पाठ करावेत; कारण बदलापुरास पाणी चढलें हें कळल्यापासून तें आपल्या अंगणांत येईपर्यंत जो अवधि मिळतो, त्यांत एका घरांतील पुस्तकें, कागदपत्रें व धान्य वर नेतां येतें. मौज अशी कीं, हीच नदी आपणांस पाणी पाजते. शहाड-टेमघर योजनेचें पाणी ठाणें, भिवंडी, मीरा-भाईंदर येथपर्यंत जातें. परंतु पुराच्या दिवशीं नदीकांठचीं पंपघरें पाण्यांत जातात, वीज तोडावी लागते, आणि कमरेइतक्या पाण्यांत उभ्या असलेल्या माणसाच्या घरीं प्यावयास थेंब नसतो.

२६ जुलै २००५ हा मंगळवार आमच्या पिढीच्या लोकांस विसरतां येणार नाहीं. त्या एका दिवसांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकास कुलाब्यास शंभर मिलिमीटरही पडला नाहीं. मुंबईची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. पण त्याच दिवशीं इकडे उल्हास व वालधुनी या नद्यांनींही आपल्या बाजूच्या सखल वस्त्या व्यापल्या होत्या. आम्ही तेव्हां नुकतेच शिक्षकी पेशांत शिरलों होतों आणि कामानिमित्त ठाण्यास गेलों होतों. गाड्या बंद पडल्या. रुळांवरून चालत घराकडे निघालों. पुढें-मागें माणसांची न संपणारी रांग. कळवा ओलांडल्यावर रुळांलगतच्या चाळींतून लोक चहाच्या किटल्या, बिस्किटें, उकडलेले बटाटे घेऊन अंधारांत उभे होते. दिव्याजवळ एका बाईनें आम्हांस आपल्या पतीचा कोरडा सदरा दिला. पंधरा दिवसांनीं तो धुऊन, इस्त्री करून परत द्यावयास गेलों, तों ती चाळ कांहीं केल्या ओळखूं येईना. दिवसाउजेडीं साऱ्या चाळी सारख्याच दिसत होत्या. तो सदरा आमच्या घरीं अजून आहे.

त्यानंतर राज्यांत व देशांत पुष्कळ हालचाल झाली. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली व तिनें २००६ सालीं अहवाल दिला. २००५ च्या अखेरीस संसदेनें आपत्ति-व्यवस्थापनाचा कायदा केला. पुढील वर्षीं राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल उभें राहिलें, आणि त्याची एक तुकडी तळेगांवजवळ सुदुंबरें येथें कायमची ठेवण्यांत आली. हें सांगण्याचें कारण, या व्यवस्थेचा उपयोग चौदा वर्षांनीं प्रत्यक्ष आपल्याच भागास झाला.

२६ जुलै २०१९ च्या रात्रीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत अडकून पडली. गाडींत सुमारें एक हजार पन्नास उतारू. सर्वत्र काळोख, आणि डब्याच्या पायऱ्यांशीं पाणी. पहांटे जवळच्या चामटोली गांवचे लोक त्या गाडीपाशीं पोहोंचले. पुढें आपत्ति दलाच्या होड्या आल्या, नौदल व हवाई दल आलें, आणि दुपारपर्यंत सर्व उतारू सुखरूप बाहेर निघाले. त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया होत्या. त्यांना कल्याणास आणून दुसऱ्या गाडीनें कोल्हापुराकडे रवाना करण्यांत आलें. त्याच दिवशीं आपल्याकडे म्हारळ-वरपच्या पुढें, मुरबाड रस्त्यावर, कांबा येथील पेट्रोल-पंपावर व एका विश्रामस्थळांत सत्तराहून अधिक माणसें अडकलीं होतीं. कांहींना हेलिकॉप्टरनें उचलावें लागलें. अवघ्या आठ दिवसांनीं, रविवार ४ ऑगस्ट रोजीं, नद्या पुनः फुगल्या, आणि खडवलीजवळच्या जू-नांदखुरी या गांवांतून हवाई दलानें ५८ माणसें उचलून आणलीं. आपलीं मुलें त्या दिवशीं गच्च्यांवर चढून हेलिकॉप्टर मोजीत होतीं.

हेलिकॉप्टर चालविणाऱ्यांस आमचा आदरपूर्वक नमस्कार आहे. तथापि विद्यार्थ्यांनीं त्या दिवसाचें चित्र काढलें तर साठांपैकीं पंचावन्न मुलें हेलिकॉप्टर काढतात. दोर टाकणारा शेजारी कोणी काढीत नाहीं. रात्रीं दोन वाजतां हेलिकॉप्टर येत नाहीं. तेव्हां येतो तो शेजारचा रिक्षावाला, कारखान्यांतून दुसरी पाळी करून आलेला कामगार, कोळीवाड्यांतील होडीवाला, आणि पाणी प्रथम कोणत्या गल्लींत शिरतें हें ज्यांना पाठ असतें त्या म्हाताऱ्या बाया. आपल्या भागांत ही परंपरा नवी नाहीं. आपल्या शेजारचें उल्हासनगर, ज्यास ८ ऑगस्ट १९४९ रोजीं या नदीवरून नांव मिळालें, तें सिंधमधून घरदार टाकून आलेल्या निर्वासितांच्या छावणींतून उभें राहिलें. आपल्या शाळेंतील कित्येक मुलांचे पणजोबा एका ट्रंकेनिशीं येथें उतरले. त्या घरांतून पुराच्या दिवशीं मोठमोठीं पातेलीं बाहेर निघतात. देवळें, दरबार, मशिदी व चर्च यांचे दरवाजे उघडे असतात. कोण कोणाच्या हातचें जेवतो हा प्रश्न त्या दोन दिवसांत कोणी विचारीत नाहीं. हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे, आणि त्याविषयीं आम्हांस अभिमान आहे.

हे झाले दोन दिवस. तिसऱ्या दिवशीं पाणी उतरतें, चौथ्या दिवशीं ऊन पडतें, लोकल गाड्या सुरू होतात, आणि आपण आपापल्या कामास लागतों. ज्याच्या घरांत पाणी शिरलें होतें त्याचा पूर मात्र चौथ्या दिवशीं सुरू होतो. घरांत घोटाभर चिखल असतो व त्याची दुर्गंधि सुटलेली असते. दार फुगल्यामुळें लागत नाहीं. कडी बसत नाहीं. म्हणून घरांतील एकानें राखण करीत बसावें लागतें, आणि तो जर रोजंदारीवर असेल तर त्याची तितकी मजुरी बुडते. गहूं-तांदुळास वास येतो. गादी वाळत नाहीं, ती फेंकावी लागते. नवी घेण्यास पैसे नसतात. मुलांच्या पायांस भेगा व जखमा असतात, आणि त्याच पायांनीं तीं चिखल उपशीत असतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिस नांवाच्या तापानें अनेक माणसें दगावलीं. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेलें पाणी जखमेवाटे अंगांत शिरल्यानें तो होतो. पुराच्या पाण्यांत चालावें लागलेल्यांनीं डॉक्टरांचा सल्ला लगोलग घ्यावा, ताप येण्याची वाट पाहूं नये. हें पालकांनीं कृपा करून ध्यानांत ठेवावें.

या चौथ्या दिवशीं आपण काय पाठवितों? आपण जुने कपडे पाठवितों. शाळेच्या दालनांत जमलेला तो ढीग आम्हींच विद्यार्थ्यांकडून वेगळा करून घेतला, म्हणून अधिकारवाणीनें बोलतों. त्यांत जरीचे झगे होते, गळपट्टे होते, एका पायाचे बूट होते, आणि ‘वार्षिक क्रीडामहोत्सव’ असें छापलेले बत्तीस सदरे होते. ज्या वस्तूंची आपल्याला अडचण झाली होती त्या आपण दान केल्या, आणि पूरग्रस्तांच्या खोलीची निम्मी जागा त्यांनीं अडविली. शेवटीं तो ढीग टेम्पोंत घालून हलवावा लागला, व त्याचें भाडें मदतनिधींतून गेलें. त्याच वेळीं खराटा, फावडें, घमेलें, बादली, ब्लीचिंग पावडर, मेणबत्त्या, चादरी, स्त्रियांस लागणारे कपडे आणि कुलुपें यांची जरूर होती. कुलूप हा शब्द वाचून कोणास हसूं येईल. पण एका गृहस्थानें आम्हांस स्वच्छ सांगितलें कीं, ‘गुरुजी, मला जेवण नको, कडी-कोयंडा व कुलूप द्या, म्हणजे मी कामावर जाईन आणि जेवण विकत घेईन.’

दुसरी गोष्ट कागदांची. सरकारी साहाय्य मिळावयाचें तर तलाठ्यानें पंचनामा करावा लागतो. जो गरीब मनुष्य नेटका असतो तो पाणी उतरतांच घर धुऊन काढतो, आणि पंचनाम्याच्या वेळीं त्याच्या घरीं दाखविण्यासारखें कांहीं उरत नाहीं. जो आळशी असतो त्याचा पुरावा शाबूत राहतो. भाडेकरूची स्थिति याहून वाईट. घर त्याच्या नांवावर नसतें, करारपत्र बहुधा नसतेंच, आणि असलें तर तें भिजलेलें असतें. येथें आपलीं आठवी-नववीचीं मुलें खरोखर उपयोगी पडतील. प्रत्येकाच्या घरीं आतां छायाचित्र घेणारा मोबाइल आहे. गल्लींत हिंडून, घर धुण्यापूर्वीं भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचें, भिजलेल्या सामानाचें व शिधापत्रिकेचें छायाचित्र घेऊन ठेवावें. पुलावर उभें राहून नदीबरोबर स्वतःचें छायाचित्र काढण्यापेक्षां या कामास धैर्य कमी लागतें, हें खरें.

आतां आमची स्वतःची गोष्ट. २७ जुलै २०१९, शनिवार, सकाळीं आपल्या शाळेच्या वरच्या मजल्यावरील चार खोल्या उघडण्यांत आल्या व तेथें एकवीस कुटुंबें येऊन राहिलीं. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्व मंडळी झटली. पालकांनीं डबे आणले. दहावीच्या मुलींनीं लहान मुलांस गोष्टी सांगितल्या. रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारीं कांहीं पालक भेटावयास आले. त्यांचें म्हणणें उद्धटपणाचें नव्हतें. घटक-चाचणी तोंडावर आली आहे, मुलांचें नुकसान होत आहे. स्वच्छतागृहें तुंबलीं आहेत. परके लोक आवारांत असतां मुलींस शाळेंत कसें पाठवावें. आणि शाळा म्हणजे कांहीं धर्मशाळा नव्हे. बुधवारीं शिक्षकांची सभा भरली. खोल्या गुरुवारपासून वर्गांस द्याव्या कीं नाहीं, यावर मत घेतलें गेलें. द्याव्या, या बाजूनें आम्हींही हात वर केला. आम्हांस अभ्यासक्रमाची काळजी होती, व खरें सांगावयाचें तर घरीं परत जाण्यास त्या लोकांना आतां हरकत ती काय, असेंही वाटलें होतें. सायंकाळपर्यंत सर्व कुटुंबें निघून गेलीं. कोणीही भांडलें नाहीं. एका आजीबाईंनीं जातांना खोली झाडून दिली.

गुरुवारीं शाळा भरली. शुक्रवारीं आम्हीं निबंध लिहून घेतला. अकरा ओळींची ती वही त्या एकवीस कुटुंबांपैकीं एका कुटुंबांतील मुलीची. रविवारीं ४ तारखेस नदी पुनः आली आणि त्यांच्या अर्धवट सुकलेल्या घरांत पुनः शिरली. या खेपेस तीं माणसें शाळेकडे आलीं नाहींत. मुरबाडच्या पलीकडे तिच्या आईचें माहेर आहे, तिकडे गेलीं. वह्या तपासून होऊन वर्गांत परत देण्यास आठवडा लागला. तेव्हां तिचें बाक रिकामें होतें. पुढें दोन महिने हजेरींत तिच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण पडत राहिली. मग तिच्या वडिलांनीं येऊन दाखला नेला. वही आमच्याकडेच राहिली. तिचें शिक्षण तिकडे चालू झालें कीं नाहीं, याचा तपास आम्हीं केला नाहीं; करावयास हवा होता.

यावर कोणी म्हणेल कीं, दुसरा पूर येणार हें कोणास ठाऊक होतें? ठाऊक नव्हतें हें खरें. पण जुलैच्या अखेरीस पावसाळा संपलेला नसतो, एवढें तरी भूगोल शिकविणाऱ्या शाळेस ठाऊक असावयास हवें होतें. पुढें २२ जुलै २०२१ रोजींही उल्हास नदी अशीच फुगली. त्याच पावसांत उंबरमाळी स्थानकांत फलाटाला लागून पाणी उभें राहिलें, आणि कोंकणांत चिपळूण बुडालें. त्या वर्षीं आपल्या खोल्या उघडण्याचा प्रश्न नीटसा उद्भवला नाहीं, कारण करोनाच्या सांथीमुळें शाळाच बंद होती. आणि हीच गोष्ट आम्हांस विशेष वाटते. मार्च २०२० पासून दीड वर्षाहून अधिक काळ आपलीं मुलें वर्गांत बसलीं नाहींत. आपण सर्वांनीं तें सोसलें. आपल्या जिवाची भीति होती म्हणून सोसलें. सहावी ते आठवीस कायद्यानें वर्षास २२० दिवस शाळा भरावी लागते. त्यांतील पंधरा दिवस दुसऱ्याच्या छपरासाठीं अर्ध्या वेळाची शाळा भरविली, तर कोणतें मूल अशिक्षित राहणार आहे? चाचणी पुढें ढकलतां येते. ओल्या भिंतीच्या घरांत निजलेल्या मुलाचा ताप पुढें ढकलतां येत नाहीं.

पालकांची स्वच्छतागृहांविषयींची व मुलींविषयींची तक्रार मात्र रास्त होती, तिला आम्ही उत्तर देत नाहीं. तिची व्यवस्था केली पाहिजे. वर्ग दोन पाळ्यांत, खालच्या मजल्यावर भरवावे. राहणाऱ्या कुटुंबांसाठीं मागील फाटकानें वेगळी वाट ठेवावी. नगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडून फिरतीं स्वच्छतागृहें जूनमध्येंच लिहून मागवावीं, जुलैच्या अखेरीस धांवपळ करूं नये. हीं कामें कठीण नाहींत. जागा रिकामी करून घेण्याइतकीं तीं सोपीं नाहींत, एवढेंच.

पुष्कळ सभ्य लोक पूरग्रस्तांविषयीं बोलतांना एक वाक्य बोलतात: ‘नदीच्या पात्रांत घर बांधलें म्हणजे असेंच व्हावयाचें.’ यांत सत्य आहे, पण तें अर्धेंच. नदीकांठच्या जमिनीवर सरकारचें पाटबंधारे खातें दोन रेषा आंखतें: निळी, जेथपर्यंत साधारण पंचवीस वर्षांतून एकदां येणारा पूर पोहोंचतो, व लाल, जेथपर्यंत शंभर वर्षांतून एकदां येणारा पूर पोहोंचतो. निळ्या रेषेच्या आंत घर बांधणारा झोपडीवाला तेथें हौसेनें गेलेला नाहीं. कारखान्याच्या जवळ, परवडेल अशा भाड्यांत, त्यास दुसरी जागा मिळाली नाहीं. उलट ‘नदीदर्शन’ घडविणाऱ्या सदनिकांच्या जाहिराती आम्हीं याच वर्तमानपत्रांतून वाचल्या आहेत, आणि त्या घेणारे आमच्यासारखेच पगारदार लोक असतात. त्यांच्या इमारतीसाठीं भराव घालून जमीन उंच केली जाते. मग जें पाणी तेथें पसरत होतें तें शेजारच्या चाळींत पसरतें. नाल्यांत जो कचरा सांपडतो तो कोणा एका वस्तीचा नसतो. तेव्हां नदीच्या पात्रांत कोण बसला आहे, हें नीट मोजूं गेल्यास उत्तर आपल्या दाराशीं येण्याचा संभव आहे. नवें घर घेणाऱ्या पालकांनीं विकणाऱ्यास पूररेषेचा नकाशा दाखवावयास सांगावें. त्याचा चेहरा कसा होतो तेंही पाहून घ्यावें.

अफवेविषयीं एक शब्द लिहिला पाहिजे. प्रत्येक पुरांत ‘धरण फुटलें’ अशी हाकाटी उठते. कधीं बारवीचें नांव घेतलें जातें, कधीं भातशाचें. २८ जुलै २००५ रोजीं मुंबईंत अशाच अफवेनें रात्रीं चेंगराचेंगरी होऊन माणसें मेलीं. पाण्यानें नव्हे, शब्दानें मेलीं. पूर्वीं अफवेला एका गल्लींतून दुसऱ्या गल्लींत जाण्यास चालावें तरी लागे; आतां ती अंगठ्याच्या एका दाबासरशीं जाते. जी बातमी स्वतः पाहिली नाहीं वा जिल्हाधिकारी, नगरपालिका यांच्याकडून आली नाहीं, ती पुढें धाडूं नये. वडील माणसांनीं धाडली असली तरी धाडूं नये. या एका बाबतींत विद्यार्थ्यांनीं वडिलांची आज्ञा मोडल्यास शाळेची हरकत नाहीं.

आम्हीं मुख्याध्यापकांस व शिक्षक-सभेस तीन गोष्टी लेखी सुचविल्या आहेत. त्यांतील पहिली, पुराच्या वर्षीं वरच्या खोल्या किमान तीन आठवडे ठेवण्याविषयीं, वर सांगितलीच आहे. तिच्यावर अद्याप निर्णय झालेला नाहीं, व कांहीं सहकारी विरुद्ध आहेत. दुसरी, पुरांत ज्यांचे दाखले, गुणपत्रकें भिजलीं त्यांना अर्ज, प्रतिज्ञापत्र व शुल्क यांवांचून नवीन प्रती देण्याची. ती मान्य झाली आहे. तिसरी पालकांच्या हातीं आहे. शाळेंतील ज्या मुलांचीं घरें नदीकडील सखल भागांत आहेत, त्या प्रत्येक घरास वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका घराशीं जोडावें. पाणी चढूं लागलें कीं त्या मुलाची पुस्तकें, घरचे कागद व एक म्हातारें माणूस यांनीं कोठें जावयाचें हें आधींच ठरलेलें असावें. आणि पाणी उतरल्यावरही तीं तेथें आठ दिवस राहूं शकावीं. दोन दिवस नव्हे, आठ दिवस.

त्यासाठीं येत्या जूनमध्यें शाळा उघडेल त्या पहिल्या आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर एक छापील कागद घरीं येईल. त्यावर आपलें घर कितव्या मजल्यावर आहे, आणि त्यांत आणखी किती माणसें निजूं शकतील, एवढेंच लिहावयाचें आहे. जागेचा आंकडा लिहितांना पालकांनीं घरांतील गृहिणीस विचारावें, कारण तो बहुधा पुरुषांस ठाऊक नसतो. कागद शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे परत यावा.